गालिच्यावरील डाग काढणे

गालिच्यावरील डाग काढणे म्हणजे गालिचा, सतरंजी, जाजम अशा अंथरण्याच्या वस्तूंवर सांडलेला किंवा लागलेला पदार्थ, त्या वस्तूचे तंतू, रंग आणि वीण यांना इजा न पोहोचवता वेगळा करणे होय. कपडे धुणे आणि गालिचा स्वच्छ करणे यांत मूलभूत फरक आहे. कपडा पाण्यात बुडवता येतो, घासता येतो, पिळून दोरीवर टाकता येतो. गालिचा बहुधा जागच्या जागीच स्वच्छ करावा लागतो, त्यात मुरलेले पाणी सहज निघत नाही आणि त्याची मागची बाजू पुढच्या बाजूहून वेगळ्या द्रव्याची असू शकते. त्यामुळे कपड्यावर यशस्वी ठरलेला उपाय गालिच्यावर नुकसानकारक ठरण्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात.

महाराष्ट्रातील घरांत पडणारे डाग हे तेथील आहार, सण आणि हवामान यांच्याशी निगडित असतात. परदेशी पुस्तकांत या विषयावर लिहिताना लाल मद्य आणि कॉफी यांना अग्रस्थान दिलेले असते. मराठी घरात ते स्थान हळद, दुधाचा चहा, फोडणीचे तेल, कुंकू आणि कोकणात केळीचा चीक यांच्याकडे जाते.

अंथरण्याचे प्रकार आणि त्यांचे तंतू

‘गालिचा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. ‘सतरंजी’चे नाते शतरंज म्हणजे बुद्धिबळाच्या पटाशी जोडले जाते. गालिच्याला वरच्या बाजूस उभ्या धाग्यांची दाट लव असते, तर सतरंजी आणि जाजम ही सपाट, लवविरहित असतात. डागाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. सतरंजीवरील डाग दोन्ही बाजूंनी गाठता येतो आणि सुती सतरंजी प्रसंगी विहिरीवर किंवा मोरीत नेऊन धुताही येते. गालिच्यात मात्र पदार्थ लवेच्या मुळाशी उतरतो आणि वरून पुसलेला भाग स्वच्छ दिसत असला तरी खाली शिल्लक राहतो.

पुण्याच्या येरवडा कारागृहात विणलेले गालिचे एकेकाळी प्रसिद्ध होते. उत्तर प्रदेशातील भदोही आणि मिर्झापूर ही आज गालिच्यांची मोठी केंद्रे आहेत, तर महाराष्ट्राच्या सीमेपलीकडील धारवाड जिल्ह्यातील नवलगुंद हे गाव सुती जमखान्यांसाठी ओळखले जाते. बाजारात मिळणारे स्वस्त गालिचे मात्र बहुतांशी यंत्रावर विणलेले आणि पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर किंवा नायलॉन या कृत्रिम तंतूंचे असतात. ‘रेशमी’ म्हणून विकले जाणारे पुष्कळसे गालिचे प्रत्यक्षात व्हिस्कोजचे असतात. हा तंतू ओला झाला की कमकुवत होतो आणि साध्या पाण्यानेही त्यावर पिवळसर कडा उमटू शकते.

उपाय ठरवण्याआधी तंतू ओळखणे आवश्यक असते. गालिच्याच्या कडेचा एखादा सुटा धागा चिमट्यात धरून, पाण्याचे भांडे जवळ ठेवून, जाळून पाहिला असता लोकर जळक्या केसांचा वास देते आणि तिची राख चुरगळते. सूत व ताग कागदासारखे जळतात. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी बनतो. लोकर हे प्रथिन आहे. ती सौम्य आम्ल सहन करते, परंतु धुण्याच्या सोड्यासारख्या तीव्र अल्कधर्मी द्रव्याने खराब होते आणि क्लोरीनयुक्त ब्लीचमध्ये तर विरघळू लागते. सुताची प्रकृती याच्या उलट आहे. अल्क ते सोसते, पण आम्ल त्यात राहून वाळले तर धागा कुजल्यासारखा तुटतो. पॉलिप्रॉपिलीनवर पाण्यातील रंग सहसा चढत नाही, परंतु तेल त्याला घट्ट धरून बसते.

डाग धरण्याची क्रिया

डाग पडणे ही एकच क्रिया नाही. चिखल किंवा राख तंतूंच्या मध्ये केवळ अडकलेली असते. साखर वाळून चिकटते. तेल तंतूभोवती पातळ थर धरते. मेंदीतील रंगद्रव्य लोकरीच्या प्रथिनाशी रासायनिक बंधाने जोडले जाते, म्हणजे तेथे डाग पडलेला नसून खऱ्या अर्थाने रंगाई झालेली असते. यांपैकी पहिल्या तीन प्रकारांत संपूर्ण यश मिळू शकते, चौथ्यात क्वचितच.

याशिवाय एक पाचवा प्रकार आहे, जो डाग नसतोच. ब्लीच, तीव्र आम्ल किंवा दीर्घकाळ साचलेले मूत्र यांमुळे गालिच्याचा मूळ रंग उडतो व फिकट ठिपका राहतो. तेथे काढण्यासारखे काहीच नसते, आणि तो ‘काढण्या’साठी केलेला प्रत्येक प्रयत्न ठिपका वाढवतो. असा भाग पुन्हा रंगवणे किंवा त्यावर आसन ठेवणे एवढेच पर्याय उरतात.

पहिली काही मिनिटे

पदार्थ सांडल्यानंतरच्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत जे होते त्यावर पुढील निकाल बराचसा अवलंबून असतो. घट्ट पदार्थ बोथट चमच्याने कडेकडून मध्याकडे गोळा करून उचलावा. पातळ पदार्थ स्वच्छ, पांढऱ्या, सुती फडक्याने वरून दाबून टिपून घ्यावा. फडके पांढरेच घेण्याचे कारण असे की रंगीत फडक्याचा रंग गालिच्यात उतरू शकतो आणि डागाचा किती भाग निघाला हेही त्यावर दिसत नाही. जुने धोतर किंवा धुऊन मऊ झालेला पंचा या कामी उत्तम.

घासणे टाळावे. घासल्याने डाग पसरतो, खोल जातो आणि लवेचे पीळ उलगडतात. पीळ उलगडलेला भाग पुढे स्वच्छ झाला तरी प्रकाशात वेगळा दिसतो व डागच राहिला असा भास होतो. कोणतेही द्रव्य वापरण्यापूर्वी ते सोफ्याखाली झाकलेल्या कोपऱ्यात लावून, पाच मिनिटे थांबून, पांढऱ्या फडक्याने टिपून पाहावे. फडक्यावर गालिच्याचा रंग आला तर ते द्रव्य वापरू नये.

बहुसंख्य घरगुती डागांसाठी एक पेला कोमट पाण्यात पाव चमचा भांडी घासण्याचे पातळ साबणद्रव्य पुरेसे असते. प्रमाण वाढवल्याने काम लवकर होत नाही. उलट तंतूंत राहिलेला साबण चिकट असल्याने त्यावर धूळ बसते आणि महिन्याभराने त्याच जागी करडा डाग दिसू लागतो. म्हणून साबणानंतर साध्या पाण्याने दोन-तीनदा टिपून घेणे हा प्रक्रियेचा अनिवार्य भाग आहे, आणि नेमका तोच बहुतेक वेळा वगळला जातो.

हळद

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन या द्रव्यामुळे येतो. हे द्रव्य १८१५ मध्ये वोगेल आणि पेलेतिए यांनी हळदीपासून वेगळे केले. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि मद्यार्कात विरघळते. वरण किंवा रश्शाचा डाग पाण्याने पुसला असता जात नाही याचे हेच कारण आहे. फोडणीच्या तेलातून हळद थेट तंतूपर्यंत पोहोचलेली असते.

हळदीच्या डागाला साबण लावताच तो लालसर तपकिरी होतो, आणि डाग बिघडला या समजुतीने पुष्कळ जण घाबरून आणखी साबण लावतात. वास्तविक कर्क्युमिन अल्कधर्मी द्रव्यात लाल होते. लिंबाचा रस लावला की ते पुन्हा पिवळे होते. हळकुंडावर टाकणखार आणि लिंबाचा रस यांची क्रिया करून पारंपरिक कुंकू तयार केले जाते. गालिच्यावर लाल झालेली हळद ही त्या क्रियेची जवळची नातलग आहे. शाळेतील प्रयोगात हळदीचा कागद दर्शक म्हणून वापरतात तोही याच गुणामुळे.

उपाय करताना प्रथम तेल काढावे. त्यासाठी डागावर बेसन, मैदा किंवा टाल्कम पावडर पसरून अर्धा तास ठेवावी व झटकावी. नंतर सौम्य साबणपाण्याने टिपावे आणि शेवटी पांढऱ्या फडक्यावर थोडे सर्जिकल स्पिरिट घेऊन डागावर दाबावे. हे करताना शेगडी अथवा निरांजन जवळ नसावे. उरलेल्या पिवळ्या छटेवर सूर्यप्रकाश हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, कारण कर्क्युमिन प्रकाशात विघटन पावते. ओलसर डाग दोन-तीन दिवस काही तास उन्हात ठेवल्यास तो आपोआप फिका होतो. हळद लागलेला सदरा उन्हात वाळवल्यावर पांढरा होतो हे आजीला रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होते. मात्र ऊन गालिच्याचा रंगही फिका करते, म्हणून डागाचा भाग उघडा ठेवून बाकीचा झाकावा.

चहा, फळे आणि केळीचा चीक

चहा, काथ, सुपारी, जांभूळ, डाळिंब आणि केळीचा चीक यांतील डाग देणारी द्रव्ये वनस्पतिज असून त्यांतील बऱ्याच द्रव्यांना टॅनिन म्हणतात. वडीचा साबण अशा डागांना पक्के करतो, तर पातळ साबणद्रव्य चालते. आपल्याकडील चहा हा एकट्या टॅनिनचा प्रश्न नसतो. त्यात दुधाचे प्रथिन, स्निग्धांश आणि साखरही असते. म्हणून आधी थंड पाण्याने टिपावे, नंतर साबणपाणी वापरावे, मग एक भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दोन भाग पाणी मिसळून त्याने टिपावे आणि अखेरीस साध्या पाण्याने. हा क्रम उलटा केल्यास आम्लामुळे दुधातील प्रथिन साकळते.

जांभूळ आणि कोकम यांचे रंगद्रव्य आम्लात लाल व अल्कात निळे-हिरवट होते. त्यावर सोडा टाकल्यास लाल डागाऐवजी निळसर डाग मिळतो, एवढाच बदल घडतो. केळीचा चीक ताजा असताना जवळपास रंगहीन असतो आणि म्हणूनच फसवतो. हवेच्या संपर्कात तो हळूहळू काळपट तपकिरी होतो. केळीच्या पानावर जेवणावळी होणाऱ्या घरांतील जुन्या जाजमांवर हे काळे ओघळ हमखास दिसतात. पानाचा देठ कापल्यावर तो लगेच पुसून घेणे हाच खरा उपाय. वाळलेला चीक पूर्णपणे निघत नाही.

गंज

पेण व रोहा परिसरात गंजाचा डाग विशेष आढळतो. पेण तालुक्यातील डोलवी येथे आंबा नदीच्या धरमतर खाडीलगत मोठा पोलाद प्रकल्प आहे व तेथे लोहखनिज गलबतांतून जेटीवर उतरते. लोखंड आणि खनिज यांच्याशी काम पडणाऱ्यांच्या पादत्राणांबरोबर त्यांची तांबूस भुकटी घरात येणे स्वाभाविक असते. त्यात खाडीकाठची खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस यांमुळे लोखंडी कपाट, पलंग, शिवणयंत्र यांचे पाय गंजतात आणि त्यांखालील सतरंजीवर गोल तांबडे वण उमटतात.

कोरडी भुकटी असेपर्यंत तिला पाणी लावू नये. आधी झटकावी किंवा निर्वात झाडूने ओढून घ्यावी. ओली झाल्यावर ती तंतूंत शिरते. गंज हा लोहाचा ऑक्साइड असून साबणात विरघळत नाही. त्याला आम्ल लागते, आणि तेही लोहाला धरून विद्राव्य करणारे. लिंबाचा रस व मीठ हा जुना उपाय याच तत्त्वावर आधारलेला आहे, कारण लिंबातील सायट्रिक आम्ल लोहाशी संयोग पावते. तासाभराने साध्या पाण्याने वारंवार टिपून ते पूर्ण काढावे. जुन्या गंजासाठी ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण वापरतात. ते विषारी असल्यामुळे हातमोजे घालूनच वापरावे आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. गंजावर ब्लीच कधीही टाकू नये, त्याने डाग अधिक पक्का होतो. बाजारातील काही गंजनाशकांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. त्याची जखम लागलीच दुखत नाही आणि म्हणून अधिक घातक ठरते. घरगुती गालिच्यासाठी असे द्रव्य वापरण्याचे काहीही कारण नाही.

रक्त, दूध, अंडे आणि मूत्र

हे प्रथिनयुक्त डाग आहेत. यांना गरम पाणी लावणे ही सर्वांत सामान्य चूक होय. उकडल्यावर अंडे जसे घट्ट होते, तसे गरम पाण्याने रक्तातील प्रथिन तंतूवर घट्ट होते. थंड पाणी, नंतर साबणपाणी असा क्रम ठेवावा. प्रथिनांचे विघटन करणारी विकरे धुण्याच्या चूर्णात घालण्याची कल्पना जर्मनीत ऑट्टो रोम यांनी १९१३ मध्ये मांडली. आजच्या अनेक चूर्णांत ती असतात. परंतु लोकर व रेशीम हीसुद्धा प्रथिनेच असल्याने अशा चूर्णाला डाग आणि गालिचा यांतील भेद कळत नाही. फिकट कृत्रिम गालिच्यावर औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड रक्तासाठी वापरता येते. गडद रंगावर ते टाळावे.

तान्ह्या मुलाचे किंवा पाळीव प्राण्याचे ताजे मूत्र पाण्याने सहज निघते. जुने झाल्यावर त्यातील युरियापासून अमोनिया तयार होतो, वास वाढतो आणि गालिच्याचा रंगही बदलू लागतो. येथे तत्परता हाच उपाय आहे.

सणासुदीचे डाग

गुलाल, रांगोळी, कुंकू व भस्म ही सर्व चूर्णे कोरडीच उचलावीत. बाजारी गुलालात विद्राव्य रंग असण्याची शक्यता असते, आणि ओल्या फडक्याने पुसल्यास चूर्णाचा डाग क्षणात रंगाचा डाग होतो. समईचे तेल आधी पिठाने शोषून घ्यावे. मेणबत्तीचे मेण बर्फाच्या तुकड्याने कडक करून खरवडावे. उरलेले मेण तपकिरी कागद ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवल्यास कागदात उतरते, परंतु पॉलिप्रॉपिलीनचा गालिचा इस्त्रीने वितळतो, हे विसरू नये.

पेण शहर आणि हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. तेथील कारखान्यांलगतच्या घरांत शाडू, प्लास्टर आणि रंग यांचे डाग परिचित असतात. शाडूची माती पूर्ण वाळू द्यावी, मग ती चुरून झटकली जाते. ओली असताना पुसल्यास ती आत जाते. तैलरंग ताजा असेपर्यंत टर्पेंटाइनने निघतो. जलरंग पाण्याने निघतो, पण ॲक्रिलिक रंग वाळल्यावर प्लॅस्टिकसारखा होतो व बहुधा धागा कातरावा लागतो.

पावसाळा

रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व त्याचा बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात असतो. या दिवसांत डागापेक्षा डाग धुण्यासाठी ओतलेले पाणी अधिक हानी करते. गालिचा एक-दोन दिवसांत पूर्ण वाळला नाही तर त्यावर बुरशी धरते. तागाचे अस्तर असलेला गालिचा फार भिजला तर तागातील तपकिरी द्रव्य पाण्याबरोबर वर चढते आणि वाळताना लवेच्या टोकांवर साठते. काढलेला डाग दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘उगवतो’ त्यामागेही हीच केशाकर्षणाची क्रिया असते. खाली मुरलेला पदार्थ पाण्यासोबत वर येतो. अशा वेळी ओल्या जागेवर फडक्याची जाड घडी ठेवून वर वजन ठेवावे, म्हणजे चढणारा पदार्थ फडक्यात जातो. गालिचा दोन खुर्च्यांवर टाकून खालून पंख्याचा वारा द्यावा.

पावसाळ्यापूर्वी गालिचे झटकून, उन्हे देऊन, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह सुती कापडात गुंडाळून ठेवण्याची पद्धत योग्यच आहे. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्यास आतला दमटपणा बाहेर पडत नाही. डागाळलेली लोकर गुंडाळून ठेवू नये, कारण कसर लावणाऱ्या अळ्या मळलेली लोकर प्रथम खातात.

धोके

या विषयातील सर्वांत गंभीर बाब डागाची नसून श्वासाची आहे. ‘एकाने जात नाही, तर दोन मिसळून पाहू’ ही प्रवृत्ती प्राणघातक ठरू शकते. क्लोरीनयुक्त ब्लीचमध्ये संडास धुण्याचे आम्ल, इतकेच नव्हे तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस मिसळला, तरी क्लोरीन वायू बाहेर पडतो. अमोनिया असलेल्या द्रव्यात ब्लीच मिसळल्यास क्लोरामीन हे विषारी वायू तयार होतात. जुन्या मूत्राच्या डागात अमोनिया असतो, म्हणून त्यावरही ब्लीच ओतू नये. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रे येथे शस्त्र म्हणून सोडलेला वायू हाच क्लोरीन होता. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने जमिनीलगत साचतो. गालिचा स्वच्छ करणारी व्यक्ती, आणि ती आपल्याकडे बहुधा घरातील स्त्री किंवा कामाला येणारी बाई असते, गुडघ्यांवर बसून, तोंड जमिनीजवळ नेऊन काम करते. रांगते मूलही त्याच उंचीवर असते. डोळे चुरचुरू लागले किंवा खोकला आला, तर साफसफाई अर्धवट टाकून सर्वांनी लगेच मोकळ्या हवेत जावे, मिश्रण पुसण्यासाठी परत येऊ नये आणि त्रास थांबत नसल्यास डॉक्टरांकडे जावे.

प्रचलित समजुती

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकल्यावर येणारा फेस हा स्वच्छतेचा पुरावा मानला जातो. प्रत्यक्षात दोन्ही द्रव्ये परस्परांना निष्प्रभ करतात. उरते ते प्रामुख्याने पाणी व सोडियम ॲसिटेट हे क्षार, आणि कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दोन्ही वेगवेगळी वापरल्यास उपयोगी असतात. सोडा वासावर, व्हिनेगर टॅनिनवर. दंतमंजन व टूथपेस्ट यांत घासणारे कण असतात, ते लव झिजवतात. ताज्या डागावर मीठ टाकल्यास ते पाणी शोषते हे खरे, परंतु ते रंग काढत नाही आणि अस्तरात राहिल्यास दमट हवेत ओल धरून ठेवते. रिठ्याचे पाणी लोकरीसाठी सौम्य व चांगले आहे, मात्र फिकट गालिच्याला त्याची तपकिरी झाक येऊ शकते.

व्यावसायिक स्वच्छता

इंग्लंडमधील ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ मध्ये यांत्रिक निर्वात झाडूचा शोध लावला. त्यापूर्वी, आणि आपल्याकडे पुष्कळ घरांत आजही, गालिचा दोरीवर टाकून काठीने झोडपणे हीच पद्धत होती. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याला ती अपायकारक ठरते, कारण गाठी सैल होतात. असे गालिचे, व्हिस्कोजचे गालिचे, तसेच ज्यांचा रंग साध्या पाण्यानेच फडक्यावर उतरतो असे गालिचे घरी धुऊ नयेत. व्यावसायिकाकडे देताना डाग कशाचा आहे, किती जुना आहे आणि त्यावर आधी काय काय लावले होते, हे तीनही तपशील सांगावेत. शेवटचा तपशील संकोचाने लपवला जातो, पण पुढे कोणते द्रव्य वापरायचे हे ठरवण्यासाठी तोच सर्वांत आवश्यक असतो.